इंग्लंडमधील तारांकित पबमध्ये भोजनास जाताना

मद्यविक्रीचा परवाना असलेले आणि जेवणाची अट न घालता कोणाही प्रौढ व्यक्तीला एक पेला बिअर घेऊन निवांत बसू देणारे सार्वजनिक घर, अशी पबची ढोबळ व्याख्या करता येते. इंग्लंडच्या खेड्यांत आणि शहरांच्या गल्ल्यांत हे घर शतकानुशतके लोकांच्या भेटीगाठींचे ठिकाण राहिले, आणि तेथे खायला मिळे ते बिअरच्या जोडीपुरते, म्हणजे पाव आणि चीज, व्हिनेगरात मुरवलेला कांदा किंवा डुकराच्या मांसाचे सारण भरलेला थंड 'पाय' (pie), म्हणजे पिठाच्या आवरणातला खारा पदार्थ. गेल्या तीन-साडेतीन दशकांत मात्र यांपैकी काही घरांच्या स्वयंपाकघरांनी एवढी मजल मारली आहे की, देशातील उत्तमोत्तम उपाहारगृहांच्या पंक्तीत त्यांची गणना होते, आणि तरीही दर्शनी भागात बिअरचे हातपंप, लाकडी बाके आणि पायाशी कुत्रा घेऊन बसलेले गावकरी कायम असतात. अशा पबला 'गॅस्ट्रोपब' असे नाव रूढ झाले आहे. लंडन, स्लाऊ, रेडिंग या पट्ट्यात राहणारी मराठी कुटुंबे, त्यांच्याकडे उन्हाळ्यात येणारे आईवडील आणि कामानिमित्त ब्रिटनला जाणारे प्रवासी यांपैकी अनेकांना अशा ठिकाणी एकदा जेवावे असे वाटते. परंतु तेथील रीत ना पूर्णपणे हॉटेलची असते, ना पूर्णपणे पबची, त्यामुळे पूर्वतयारी न करता गेल्यास पैसा खर्च होऊनही समाधान हाती लागत नाही.

या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९९१ सालापासून मोजला जातो. त्या वर्षी लंडनच्या क्लर्कनवेल भागात, फॅरिंग्डन रस्त्यावरचा 'द ईगल' हा जुना पब माइक बेल्बेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी चालवायला घेतला, मद्याच्या काउंटरमागेच उघडे स्वयंपाकघर थाटले आणि त्या दिवशी जे शिजेल ते फळ्यावर खडूने लिहून विकायला सुरुवात केली. या घटनेमागे एक आर्थिक कारण होते. ब्रिटनमधील बहुसंख्य पब मोठ्या मद्यनिर्मात्यांच्या मालकीचे असत आणि पब चालवणाऱ्याला त्या मालकाचीच बिअर विकावी लागे. १९८९ मध्ये सरकारने या मक्तेदारीवर मर्यादा घालणारे आदेश काढले, तेव्हा दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या कंपन्यांना आपल्या पबांचा मोठा हिस्सा विकावा किंवा मोकळा करावा लागला. उपाहारगृह काढण्याइतके भांडवल नसलेल्या तरुण आचाऱ्यांना त्यामुळे पबच्या रूपाने परवडणारी जागा मिळाली. पुढे जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी आली आणि अन्नाचा वास, चव व लहान मुलांसह येणारी कुटुंबे या तिन्हींना पबमध्ये जागा झाली.

पबची निवड करताना बहुतेक जण मिशलिन मार्गदर्शिकेचा तारा पाहतात, म्हणून त्या ताऱ्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी ही पुस्तिका काढली आणि १९२६ पासून ती उपाहारगृहांना तारे देऊ लागली. एक तारा म्हणजे वाटेत आवर्जून थांबावे असे जेवण, दोन तारे म्हणजे त्यासाठी वाट वाकडी करावी असे, आणि तीन म्हणजे केवळ त्यासाठीच प्रवास करावा असे. तारा फक्त ताटातील अन्नाला दिला जातो, खुर्च्या, टेबलक्लॉथ किंवा वाढप्यांच्या गणवेशाला नव्हे, असे मार्गदर्शिका सांगत आली आहे. हेरेफर्डशरमधील टिटली गावच्या 'द स्टॅग इन'ला २००१ मध्ये तारा मिळाला, तेव्हा तो मिळवणारा तो ब्रिटनमधील पहिला पब ठरला. टेम्स नदीकाठच्या मार्लो गावात आचारी टॉम केरिज आणि त्यांच्या पत्नी बेथ यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'द हँड अँड फ्लावर्स'ला पहिला तारा वर्षभरातच मिळाला, आणि २०१२ च्या आवृत्तीत दुसरा तारा मिळून दोन तारे असलेला तो पहिला पब झाला. तारा दरवर्षी नव्याने दिला जातो व काढलाही जातो, त्यामुळे कित्येक वर्षांपूर्वीच्या कौतुकावर विसंबून न राहता चालू वर्षाची स्थिती पाहावी. माफक दरात चांगले जेवण देणाऱ्या ठिकाणांना हीच मार्गदर्शिका 'बिब गुरमाँ' ही वेगळी खूण देते. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबासाठी अशी खूण असलेला पब अनेकदा अधिक योग्य ठरतो, कारण तेथे खर्चाचे दडपण कमी असते आणि पदार्थही ओळखीच्या वळणाचे असतात.

तारांकित पबमधील आसने थोडी असतात आणि मागणी मोठी असते, म्हणून टेबल आठवडे आणि काही ठिकाणी महिने अगोदर राखून ठेवावे लागते. आरक्षणाच्या वेळी कार्डाचा तपशील घेण्याची पद्धत आता सर्रास आहे. ऐनवेळी न गेल्यास किंवा ठरलेल्या मुदतीनंतर रद्द केल्यास माणशी ठरावीक रक्कम कापली जाते, आणि सहा जणांऐवजी चार जण गेले तरी उरलेल्या दोघांचा भुर्दंड पडू शकतो. चाळीस आसनांच्या जागेत एक टेबल रिकामे राहिले तर त्या दिवसाचा नफा बुडतो, हे लक्षात घेता ही अट अन्यायाची नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणांच्या मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असते, आठवड्याच्या आरंभी एक-दोन दिवस संपूर्ण पब बंद असणे सामान्य आहे, आणि टेबल किती वेळासाठी दिले आहे हेही आरक्षणातच नमूद केलेले असते. भारतीय सवयीने रात्री साडेनऊला जेवायला निघालेल्या कुटुंबाला खेड्यातल्या पबमध्ये चहासुद्धा मिळणार नाही. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशीचे दुपारचे जेवण ही पहिल्या भेटीसाठी सर्वांत उत्तम वेळ होय. त्या वेळी अनेक पब दोन किंवा तीन पदार्थांचे ठरावीक दराचे जेवण देतात, गर्दी कमी असल्याने वाढणाऱ्यांना प्रश्नांची सविस्तर उत्तरे द्यायला सवड असते आणि परतीची गाडीही सुखाने मिळते.

मराठी पाहुण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहाराच्या निर्बंधांचा आहे. ब्रिटिश कायद्यानुसार खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत दूध, अंडे, मासे, शेंगदाणे, तीळ, मोहरी, ग्लुटेनयुक्त धान्ये इत्यादी येतात. वाढपी टेबलाशी येताच 'कोणाला काही ॲलर्जी आहे का' असे विचारतो तो याच कारणाने. परंतु हा प्रश्न आरोग्याचा आहे, आचाराचा नव्हे, आणि त्या यादीत मांसाची चरबी, जिलेटीन किंवा प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट यांचा समावेश नाही. त्यामुळे ॲलर्जी नाही असे उत्तर देऊन निश्चिंत झालेल्या शाकाहारी माणसाच्या ताटात गोमांसाच्या चरबीत तळलेले बटाटे येऊ शकतात, आणि त्यात पबने कोणताही नियम मोडलेला नसतो.

इंग्रजी पाककलेत प्राण्यांची चरबी हे तळण्याचे आणि मोहनाचे जुने माध्यम आहे. गाई-बैलांच्या मांसातून वितळवून काढलेल्या चरबीला 'ड्रिपिंग' म्हणतात, आणि चांगल्या पबमध्ये जाड चिप्स, मासा किंवा भाजके बटाटे तिच्यात केले जाणे हे निष्काळजीपणाचे नव्हे तर दर्जाचे लक्षण समजले जाते. बदकाची किंवा हंसाची चरबीही त्याच कामी वापरतात. मूत्रपिंडाभोवतीच्या कठीण चरबीला 'सुएट' असे नाव असून वाफवलेल्या पुडिंगच्या आवरणात, म्हणजे गोड पदार्थांतसुद्धा, ती असते. 'वूस्टर सॉस' या काळ्या आंबट द्रावणात अँकोव्ही हे मुरवलेले लहान मासे असतात आणि तो चीज-टोस्टसारख्या वरवर शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही पडतो. भाज्यांचे सूप कोंबडीच्या हाडांच्या अर्कावर केलेले असू शकते. यॉर्कशर पुडिंग हा ओव्हनमध्ये फुगवलेला पोकळ खारा पदार्थ मैदा, दूध आणि अंड्यांचा असतो व तोही बहुधा ड्रिपिंगमध्ये भाजतात. पारंपरिक बिअरसुद्धा यातून सुटत नाही, कारण ती नितळ करण्यासाठी माशांच्या वाताशयापासून बनवलेले 'आयसिंग्लास' वापरण्याची जुनी रीत आहे, जरी अलीकडे त्याविना बिअर बनवणाऱ्यांची संख्या वाढली आहे.

गोमांस न खाणाऱ्या मांसाहारी वाचकालाही हा सारा तपशील तितकाच लागू आहे. कोंबडीचा किंवा मेंढीचा रोस्ट मागवला, तरी सोबतचे बटाटे ड्रिपिंगमध्ये भाजलेले असू शकतात आणि वरून ओतली जाणारी 'ग्रेव्ही', म्हणजे भाजताना सुटलेल्या मांसरसाचे दाट सार, सर्व ताटांसाठी एकच आणि गोमांसाच्या अर्काचे असू शकते. म्हणून केवळ 'व्हेजिटेरियन' किंवा 'नो बीफ' एवढे सांगून भागत नाही. आरक्षण करतानाच, म्हणजे निदान आठवडाभर आधी, लेखी कळवावे की अमुक जण मांस, मासे, अंडी आणि प्राणिज चरबी यांपैकी नेमके काय वर्ज्य मानतात, दूध चालते की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही. आणि त्याबरोबरच चिप्स कशात तळतात व ग्रेव्ही कशाची असते हे दोन थेट प्रश्न विचारावेत. तारांकित स्वयंपाकघरातील सार, सॉस आणि अर्क एक-दोन दिवस आधी तयार होतात, त्यामुळे ऐनवेळी केलेली विनंती आचाऱ्याला इच्छा असूनही पुरवता येत नाही, तर आधी मिळालेली सूचना त्याला नवा पदार्थ योजण्यासाठी वाव देते. काही पब जैन किंवा अंडेरहित जेवण करता येणार नाही असे स्पष्ट कळवतात. त्याचा राग मानू नये. असे उत्तर देणारे ठिकाण प्रामाणिक असते, आणि तेथे न जाता दुसरे निवडणे हेच दोन्ही बाजूंच्या हिताचे असते.

पदार्थ निवडताना ऋतू पाहावा. इंग्लंडमधील चांगले पब आपल्या परिसरातील शेत, कुरण, समुद्र आणि रान यांच्यावर अवलंबून असतात व त्यांची पदार्थसूची आखूड असते, कधी कधी प्रत्येक विभागात चार-पाचच नावे. ॲस्परॅगस या कोवळ्या कोंबांचा हंगाम परंपरेने २३ एप्रिलपासून २१ जूनपर्यंतचा धरला जातो, आणि त्या दिवसांत तो लोण्यासोबत नुसता मागवावा. ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीला १२ ऑगस्टपासून आणि फेझंटच्या शिकारीला १ ऑक्टोबरपासून परवानगी असते, त्यामुळे शरद ऋतूत सूचीवर शिकारीचे मांस मोठ्या प्रमाणात येते. या मांसाला उग्र, मातकट स्वाद असतो आणि क्वचित त्यात बंदुकीचा शिशाचा छर्रा राहून गेलेला असतो, म्हणून ते सावकाश चावावे. शिकारीच्या मांसाची ओळख करून घ्यायची असल्यास आधी लहान पदार्थ घेणे सुज्ञपणाचे. लंडनच्या फुलहॅम भागातील 'द हारवुड आर्म्स' या तारांकित पबची ख्याती ज्या हरणाच्या मांसाच्या 'स्कॉच एग'मुळे झाली, तो असाच पदार्थ आहे, म्हणजे उकडलेल्या अंड्याभोवती खिम्याचे आवरण देऊन पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला गोळा, ज्यातील बलक मुद्दाम पातळ ठेवलेला असतो.

परिसर आणि ताट यांचे नाते किती खोल जाऊ शकते, हे केंटच्या किनाऱ्यावरील सीसॉल्टर येथील 'द स्पोर्ट्समन'मध्ये उत्तम दिसते. ही जमीन मध्ययुगात कँटरबरीच्या कॅथीड्रलच्या स्वयंपाकघराला माल पुरवत असल्याची नोंद अकराव्या शतकातील 'डूम्सडे बुक' या सरकारी पाहणीत आहे, आणि त्या जागी १६४२ पासून खानावळ असल्याचे सांगितले जाते. स्टीफन हॅरिस यांनी १९९९ मध्ये तो पब हाती घेतला. शेजारच्या समुद्राच्या पाण्यापासून ते स्वतः मीठ करतात, लोणी घुसळतात, आणि समुद्रशेवाळ मिसळलेल्या लोण्यात भाजलेला लहानसा सोल मासा हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ होय. ताटात एक मासा आणि वितळते लोणी याखेरीज काहीच नसते. सुरमई आणि पापलेटाच्या चवीवर वाढलेल्या कोकणी किंवा गोव्याच्या माणसाला माशाचा ताजेपणा लगेच कळतो, आणि मसाल्याचा आधार न घेता केलेल्या त्या पदार्थाची खरी पारख तोच करू शकेल. मसाला नाही म्हणून बेचव, हा निष्कर्ष पहिल्या घासात काढू नये. इंग्रजी स्वयंपाकाची चव मीठ, लोणी, धूर, मंद शिजवणे आणि आंबटपणाचा नेमका थेंब यांतून घडते. तिखटाची ओढ असल्यास इंग्रजी मोहरी किंवा 'हॉर्सरॅडिश' या मुळाची चटणी मागावी, जिचा झणका जिभेपेक्षा नाकात जाणवतो.

रविवारचा रोस्ट हा पबचा सर्वांत प्रातिनिधिक पदार्थ आहे. साधारणपणे दुपारी बारा ते चार या वेळेत मिळणाऱ्या या ताटात भाजलेल्या मोठ्या मांसखंडाचे काप, बटाटे, मोसमी भाज्या, यॉर्कशर पुडिंग आणि ग्रेव्ही असते, मेंढीच्या मांसाबरोबर पुदिन्याची आंबट चटणी आणि डुकराच्या मांसाबरोबर सफरचंदाची. गोमांस आणि मेंढीचे मांस आतून गुलाबी ठेवण्याची रीत आहे व तो कच्चेपणा नव्हे. ज्याला ते रुचत नाही त्याने पूर्ण भाजून देण्याचा आग्रह धरण्यापेक्षा तासन् तास मंद आचेवर शिजवलेला खांद्याचा किंवा पायाचा भाग निवडावा, कारण तो मुळातच मऊ आणि पूर्ण शिजलेला असतो. 'पाय' (pie) हा सारणाचा पदार्थ मागवताना तो सर्व बाजूंनी आवरणाने बंद आहे की रश्श्याच्या वाडग्यावर केवळ पापुद्र्याचे झाकण ठेवले आहे, हे विचारायला हरकत नाही, कारण पहिल्या प्रकारातच आचाऱ्याचे कसब लागते. 'ट्रिपल कुक्ड चिप्स' हे नाव दिसले तर ते जरूर मागवावेत, अर्थात चरबीची चौकशी करून. इंग्लिश आचारी हेस्टन ब्लुमेंथाल यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत बटाट्याचे तुकडे जवळजवळ फुटेपर्यंत उकडतात, थंड करतात, कमी तापमानाच्या तेलात तळतात, पुन्हा थंड करतात आणि शेवटी कडक तेलात तळतात, त्यामुळे बाहेर काचेसारखा कुरकुरीतपणा आणि आत लुसलुशीतपणा येतो. गोडासाठी जागा राखावी, कारण खजूर घातलेला वाफाळता 'स्टिकी टॉफी पुडिंग' किंवा पावाच्या चुऱ्याचा 'ट्रीकल टार्ट' यांत इंग्रजी स्वयंपाक सर्वांत मनमोकळा होतो. दोहोंत बहुधा अंडे असते.

अनेक पदार्थांची ठरावीक मालिका देणारा 'टेस्टिंग मेन्यू' काही पबमध्ये असतो. पहिल्या भेटीत तो टाळणेच बरे, कारण त्यात तीन तास जातात, निर्बंध असलेल्यांची अडचण होते आणि जे पदार्थ पबलाच शोभतात ते त्यात क्वचितच असतात.

पेयाबाबत एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हातपंपाने ओढून दिली जाणारी 'कास्क एल' ही पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी, न गाळलेली आणि बाहेरून वायू न भरलेली बिअर असून ती तळघराच्या ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमानाला देतात. बर्फगार बिअरची सवय असलेल्याला ती कोमट आणि निर्जीव वाटते, पण तिच्या चवीतील माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) याच तापमानाला उमलतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅमरा' या ग्राहक चळवळीने ही परंपरा नामशेष होऊ दिली नाही. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, आणि जेवणासोबत अर्धा पाइंट पुरतो. निवड ठरत नसल्यास घोटभर चाखायला मागता येते. मद्य न घेणाऱ्याने संकोच बाळगू नये. इंग्लंड-वेल्समध्ये मद्यपरवाना असलेल्या जागेला नळाचे पिण्याचे पाणी मागितल्यास विनामूल्य द्यावेच लागते, आणि ते मागणे कमीपणाचे मानले जात नाही.

आत शिरल्यावर आरक्षण असल्यास कर्मचाऱ्याला नाव सांगून थांबावे, आपणहून टेबल पटकावू नये. केवळ पेय घेणाऱ्यांनी मात्र काउंटरवर जाऊन मागायचे आणि लगेच पैसे द्यायचे असतात. तेथे रांग दिसत नाही, तरी कोणाआधी कोण आले हे आतल्या माणसाच्या ध्यानात असते, म्हणून हात हलवून किंवा नोट फडकवून लक्ष वेधू नये. पोशाखाचे बंधन बहुधा नसते. मुलांना पालकांसोबत बहुतेक ठिकाणी प्रवेश असतो, पण रात्रीच्या वेळेचे नियम प्रत्येक पबचे निराळे असल्याने ते आधी विचारावेत.

सूचीवरील दरांत २० टक्के मूल्यवर्धित कर धरलेलाच असतो. टेबलावर सेवा घेतल्यास बिलात साधारण साडेबारा टक्के सेवाशुल्क जोडलेले आढळते. ते 'ऐच्छिक' असे लिहिलेले असेल तर न देण्याचा अधिकार ग्राहकाला आहे, आणि ते दिले असल्यास वेगळी बक्षिसी द्यायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ही रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती कर्मचाऱ्यांमध्ये न्याय्य रीतीने वाटावी लागते, तेव्हा सेवा चांगली असेल तर ते शुल्क निःशंकपणे द्यावे.

राहिला परतीचा प्रवास, जो खेड्यातल्या पबच्या बाबतीत आरक्षणाइतकाच आधी ठरवावा लागतो. मार्लोला लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून मेडनहेडला गाडी बदलून जाता येते, मात्र मेडनहेडपासूनची फाट्याची गाडी विरळ धावते. सीसॉल्टरचा पब व्हिट्स्टेबल गावापासून दूर समुद्राच्या बांधालगत आहे आणि तेथे टॅक्सी येतानाच जाण्याच्या वेळेसाठी सांगून ठेवावी लागते, कारण रस्त्यावर उभे राहून ती मिळत नाही. मोटार घेऊन जायचे असेल तर चालवणाऱ्याने मद्याला स्पर्श करू नये. रक्तातील मद्याची मर्यादा इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अशी ठरवली आणि स्कॉटलंडने ती २०१४ मध्ये ५० पर्यंत खाली आणली. परंतु किती पेल्यांनंतर ती ओलांडली जाते हे शरीर, वेळ आणि खाल्लेले अन्न यांवर अवलंबून असल्याने घरच्या घरी त्याचा हिशेब मांडता येत नाही.